कावळा शिवल्याची बातमी

सुरेंद्र केवळराम भानारकर हा धानोऱ्याकडच्या कोसमटोला ग्रामपंचायतीचा संगणक परिचालक. हे नाव सरकारी कागदावरचं. तोंडाने ते त्या गावात कुणी उच्चारलेलं त्याने बारा वर्षांत एकदाही ऐकलं नाही. गावासाठी तो नुसता ऑपरेटर. त्याची माय कुंताबाई हिला तर पहिली दोन वर्षं असंच वाटत होतं की ऑपरेटर म्हणजे ऑपरेशन करणारा. चिचतळ्याच्या तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, मासोळ्या वाळवता वाळवता ती शेजारणींना सांगायची, "माहा सुरेन धानोऱ्याकडं ऑपरेटर आहे. पन रक्त पाह्यलं का त्याले चक्कर येते. कसा करत असन, देवाले माहीत." पुढे खरं काय ते कळलं तरी तिने हे सांगणं सोडलं नाही, कारण ऐकणाऱ्या बाया हसायच्या आणि तिला बायांना हसवायला आवडायचं.

चिचतळा मूल तालुक्यातलं, धिवरांच्या तीस-चाळीस घरांचं गाव. बाप केवळराम जन्मभर तलावात जाळं टाकत राहिला आणि एका हिवाळ्यात निमोनियाने गेला. जाताना त्याने थोरल्याकडून एकच कबूल करून घेतलं, की तू पाण्यात उतरायचं नाही. धाकटा अंकुश उतरला तरी चालेल, त्याला शाळा लागतच नव्हती. सुरेंद्र दहावी झाला तेव्हा सरकारला संगणकाचं वेड लागलं होतं. गावोगाव संगणक, घरोघर माहिती, खेड्यातला पोरगा खेड्यात बसून साता समुद्रापलीकडची कामं करेल, असं मोठी माणसं टीव्हीवर सांगायची. सुरेंद्रने ते मनावर घेतलं. मूलला राइस मिलच्या मागच्या खोलीत संगणकाचा कोर्स केला. भुसा उडून कळफलकात जायचा, मास्तर दर तासाला तो उलटा करून झटकायचे. मग गडचिरोलीला सहा महिन्यांचं प्रशिक्षण झालं. परदेशातल्या माणसाचा फोन आला तर त्याच्याशी गोड इंग्रजीत कसं बोलायचं, हे चाळीस पोरं त्यात शिकली. फोन मात्र त्या हॉलमध्ये कधी जोडलाच गेला नाही. सहा महिन्यांनी हॉलला कुलूप लागलं आणि सर्टिफिकेटं पोस्टाने आली.

गडचिरोलीत शिरताना रस्त्याच्या डाव्या हाताला एक बोर्ड होता, 'माहिती तंत्रज्ञान संकुल, नियोजित जागा'. मागे मोकळं रान आणि त्यात म्हशी. सुरेंद्र त्या बोर्डाची वाट पाहत सत्तावीस वर्षांचा झाला आणि मग मिळेल ती नोकरी धरली. नोकरी तरी कसली म्हणा. पगार कंपनी देणार, कंपनीला सरकार देणार, आणि जंगलातल्या सात टोल्यांचे, म्हणजे वस्त्यांचे, जन्म, मरण, लग्न, रेशन, पेन्शन, सगळं या एकट्याने संगणकात भरायचं. पंचायतीच्या खोलीत रेंज नसायची. ती यायची गावाबाहेरच्या बांधावर, एका मोहाच्या झाडाखाली. गोंडांनी त्या झाडाचं नावच पाडलं होतं, रेंजचं झाड. सुरेंद्र लॅपटॉप मांडीवर घेऊन तिथे बसायचा आणि लोक आपापले कागद घेऊन त्याच्याभोवती उकिडवे बसायचे.

हे सगळं त्याने आनंदाने केलं, हेही सांगितलं पाहिजे. माणूस कामचुकार नव्हता. उलट त्याला कामाची हौस होती, आणि ती हौसच त्याला नडली.

दोन वर्षांपूर्वी वरून हयात मोहीम आली. गावातल्या प्रत्येक माणसापुढे तीन रकाने: हयात, मयत, स्थलांतरित. एकात खूण करायची. मेलेल्यांच्या नावाने रेशन उचललं जातं, ते थांबवायचं, असा हेतू होता आणि हेतूत काही वाईट नव्हतं. पण दर बुधवारी मोबाइलवर साहेबांची मीटिंग व्हायची, त्यात जिल्ह्याचा नकाशा दिसायचा. मागे पडलेला तालुका लाल. त्यातली मागे पडलेली पंचायत नावानिशी. कोसमटोल्याचे तीन टोले नाल्यापलीकडे, पावसात चार महिने तुटलेले. घरोघर जाऊन माणूस जिवंत आहे का ते पाहायचं तर वर्ष गेलं असतं आणि साहेबांनी मुदत दिली होती तीन आठवड्यांची.

तेव्हा सुरेंद्रला युक्ती सुचली. आता कुणी मेलं की गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आधी फोटो येतो, हार घातलेला, खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली'. मग घरोघर कशाला फिरायचं? ग्रुप मागे मागे वाचत जायचं, फोटो दिसला की मयत, बाकी सगळे हयात. अकरा दिवसांत कोसमटोला हिरवा झाला. साहेबांनी मीटिंगमध्ये त्याचं नाव घेतलं आणि सगळ्या ऑपरेटरांना ती पद्धत समजावून द्यायला सांगितलं. शेजारच्या जिल्ह्यातल्या, मूलकडच्या ऑपरेटरांनाही त्यानेच शिकवलं. त्यात त्याच्याच गावची, चिचतळ्याची ऑपरेटर रीना होती, चोवीस वर्षांची, वहीत सगळं लिहून घेणारी. 'उत्कृष्ट संगणक परिचालक' असं प्रमाणपत्र मिळालं. ते कुंताबाईने चौकटीत घालून केवळरामच्या फोटोशेजारी लावलं. वाचता येत नव्हतं तरी वरचे सिंह तिला ओळखू यायचे.

या युक्तीत मेला तो झिंगू हिचामी. म्हणजे मेला दुसराच झिंगू हिचामी, नाल्यापलीकडचा. नाव तेच, आडनाव तेच, आणि जन्मतारीखही तीच, एक जानेवारी. तिकडच्या अर्ध्या म्हाताऱ्यांची जन्मतारीख एक जानेवारीच आहे, कारण शिबिरात लिहून घेणाऱ्याने साल अंदाजाने टाकलं आणि तारीख सोयीने. सुरेंद्रचं बोट एक ओळ वर पडलं. अलीकडच्या झिंगूचं रेशन बंद झालं तेव्हा चूक कळली, पण ऑपरेटरला माणूस मारायचं बटण दिलेलं होतं, जिवंत करायचं नव्हतं. ते वरच्या कचेरीत. सुरेंद्रने अर्ज टाकला, तो तिकडे पडून राहिला. झिंगू दर मंगळवारी, बाजाराच्या दिवशी, रेंजच्या झाडाखाली यायचा. धोतराचा सोगा सावरत बसायचा आणि विचारायचा, "ऑपरेटर, मी आज जिता झालो का?"

"वरून येते, भाऊ. वरून आल्याबिगर माह्या हातात काई नाई."

"बरं," म्हणायचा आणि उठून जायचा. लेकीच्या वाट्याच्या तांदळावर तो दिवस काढत होता. सुरुवातीला सुरेंद्रला त्याला पाहून कसंसंच व्हायचं. मग सवय झाली. माणसाला कशाचीही सवय होते, दुसऱ्याच्या उपाशीपणाची तर फार लवकर होते.

एकदा सुरेंद्रने ही गोष्ट घरी गंमत म्हणून सांगितली. कुंताबाई हसली नाही. "त्या बुढ्याले आधी जिता कर," ती म्हणाली. "मंग दुसरं काम कर." सुरेंद्र म्हणाला, तसं नसतं माय. ती म्हणाली, कसं असते मंग?

यंदाच्या पौषात कुंताबाईला रक्त जायला लागलं. पासष्टीची बाई, आधी तिने स्वतःशीच थट्टा केली, "पांढऱ्या केसाची नवरी झाली मी." महिनाभर कुणाला सांगितलं नाही. एक दिवस पाळीवरच चक्कर येऊन पडली तेव्हा अंकुशने तिला गडचिरोलीला नेलं. बच्चेदानीत गाठ होती. काढावी लागेल, लवकर काढली तर बाई वाचेल, असं डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगितलं आणि नागपूरच्या एका मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी दिली. सरकारी कार्डावर सगळं फुकट होणार होतं. कार्ड सुरेंद्रनेच दोन वर्षांपूर्वी काढून ठेवलेलं. ऑपरेशनची तारीख मिळाली, फेब्रुवारीची सोळा. सुरेंद्र रजा टाकून गावी आला.

"तूच करून टाक ना ऑपरेशन," ती म्हणाली. "ऑपरेटर कशाचा तू."

बारा तारखेला सकाळी ती पाळीवर चटईवरच्या मासोळ्या उलटत होती. जड काम करू नको म्हटलं तरी ऐकणारी ती नव्हे. मासोळीवर कावळे यायचे, ती काठीने हाकायची. एक कावळा चुकून की रागाने तिच्या डोक्यावरच आला आणि पंजे टेकवून उडाला. तिने काठी खाली ठेवली, मासोळ्या तशाच सोडल्या आणि घरी येऊन भिंतीला टेकून बसली. तोंडावरचा रंग उडालेला.

"मले कावळा शिवला," ती म्हणाली.

डोक्याला कावळा शिवणं म्हणजे मरणाची खूण. त्यावर झाडीपट्टीत एकच उतारा आहे, सगळ्यांना माहीत असलेला. माणूस मेल्याची खोटी बातमी एका नातलगाच्या घरी पाठवायची. तिथे रडारड झाली की मरणाला वाटतं आपलं काम झालं, आणि ते परत फिरतं. रडू मात्र खरं पाहिजे, म्हणून आधी कुणाला सांगायचं नाही. पूर्वी एक माणूस सायकलवर जायचा, दारात उभा राहून बातमी सांगायचा, घरातल्या बाया छाती बडवून घ्यायच्या. मग तो म्हणायचा, जिती आहे, कावळा शिवला होता. त्याला शिव्याही मिळायच्या आणि गुळाचा चहाही.

"देवाजीले बातमी पाठव," कुंताबाई म्हणाली. देवाजी तिचा भाऊ, आरमोरीला राहणारा.

"माय, चार दिवसांनं ऑपरेशन आहे अन् तू काय घेऊन बसली?"

"त्याच्यासाठीच तं म्हनतो मी. असं आंगावर मरन घेऊन मी त्या टेबलावर नाई झोपत. तू साऱ्या दुनियेच्या बातम्या पाठवते. मायची एक पाठवून नाई होत?"

सुरेंद्रला हसू आलं आणि तिच्या तोंडाकडे पाहून हसू गेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, पेशंटचं मन खंबीर ठेवा. बातमीने मन खंबीर राहत असेल तर राहो बापडं. त्याने देवाजीमामाला फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला, नाही लागला. मग त्याने सवयीने तेच केलं जे तो दिवसातून पन्नास वेळा करायचा, ग्रुप उघडला. 'भानारकर परिवार'. मामाही त्यात होताच. लिहिलं, 'आई गेली. सकाळी साडेदहा वाजता.' आणि बटण दाबलं.

बातमी एकाच घरी द्यायची असते. सायकलवाला माणूस एकाच दारात जायचा, कारण त्याचे पाय दोनच असायचे. हे सुरेंद्रच्या लक्षात आलं नाही.

ग्रुपमध्ये त्याचा चुलतभाऊ सूरज होता. सूरजचं मूलला फ्लेक्सचं दुकान, वाढदिवसाचे आणि श्रद्धांजलीचे बॅनर मोबाइलवरच करायचा, हात इतका बसलेला की रडत रडतही करू शकायचा. काकूवर त्याचा जीव होता. दहाव्या मिनिटाला कुंताबाईचा फोटो हार, समई, वर पांढरी कबुतरं असा सजून 'आपला चिचतळा' या गावच्या ग्रुपवर पडला.

इकडे देवाजीमामाचा फोन आला. म्हातारा लहान लेकरासारखा रडत होता. मागे मामीचा हंबरडा. सुरेंद्रने फोन मायच्या कानाला लावला. भाऊ आपल्यासाठी कसा रडतो हे ती डोळे मिटून ऐकत राहिली, दोन मिनिटं, आणि मग तिनेच सांगितलं, "देवाजी, जिती आहे रे. कावळा शिवला होता." पलीकडून अशी शिवी आली की अंकुश बाहेर येऊन हसायला लागला. सुरेंद्रने दोन्ही ग्रुपवर खुलासा टाकला, सूरजने बॅनर खोडला, लोकांनी हसण्याची चित्रं टाकली. संध्याकाळी कुंताबाईने स्वतः चुलीपुढे बसून बोटर माशाचा रस्सा केला आणि दोन वाट्या भात जेवली. "आता करा म्हनाव ऑपरेशन," ती म्हणाली. कितीतरी दिवसांनी ती मोकळी दिसत होती.

सोळा तारखेला नागपूरच्या दवाखान्यात खिडकीमागच्या पोराने कार्डाचा नंबर टाकला, पाहिलं, पुन्हा टाकला.

"दादा, यात पेशंट मयत दाखवून राह्यलं."

"मयत कशी? ते काय बाकावर बसली आहे."

"मले दिसते ना दादा. पन सिस्टिममध्ये बारा तारखेला, अकरा चाळीसला मयत आहे. अशा कार्डावर मंजुरी येत नाई. दुरुस्त करून आना, आमी लगेच घेतो."

पोरगा भला होता. त्याने आत जाऊन मोठ्या डॉक्टरांनाही विचारलं. तातडीची केस असती तर काही करता आलं असतं, पण ही तारीख देऊन बोलावलेली केस, कागद पुरे लागणार. पैसे भरून करायचं तर तेवढे पैसे भानारकरांच्या सात पिढ्यांनी मिळून पाहिले नव्हते. बारा तारीख, म्हणजे सूरजच्या बॅनरचा दिवस, ऐकताच सुरेंद्रला सगळं कळून चुकलं होतं. त्याने बाहेर येऊन रीनाला फोन लावला.

रीना ऐकून घाबरली. मग रडवेल्या आवाजात म्हणाली, "सर, तुमीच तं सांगतलं होतं, श्रद्धांजली दिसली का लगेच खूण करायची, मागाहून राहून जाते म्हनून. मी वहीत लिहून ठेवलं आहे. त्या दिवशी आठवड्याची यादी भरायचा शेवटचा दिवस होता. खुलासा मी दुपारी पाह्यला, पन तोवर खूण लागून गेली होती, अन् ते पुसाचं बटन आपल्याकडं नाई. तुमाले सांगाले भेव वाटलं."

तिच्यावर ओरडायला त्याने तोंड उघडलं आणि त्याला डोळ्यांपुढे झाडाखाली बसलेला झिंगू दिसला. त्याने फोन ठेवला.

धोरणं करणारे शहाणे असतात. त्यांनी माणूस मेल्यावर काय करायचं याचा विचार केला होता, बनावट माणूस जिवंत होऊ नये याचाही केला होता. कावळ्याचा मात्र केला नव्हता आणि केला असता तरी त्यांना कोण काय म्हणालं असतं! दुरुस्तीचा अर्ज सुरेंद्रने त्याच दिवशी टाकला. त्यावर पहिली अट अशी की अर्जदाराने स्वतः अंगठा द्यावा. कुंताबाईने अंगठा दिला. मयत व्यक्तीचा अंगठा घेता येत नाही, असं यंत्र म्हणालं. मग तहसीलला अर्ज. तिथून हयात असल्याचा पंचनामा करा म्हणून आदेश. पंचनाम्याला पाच पंच, त्यांचे आधार, तलाठ्याची सही. तलाठी ओसरीत खुर्ची टाकून लिहीत होता, 'सदर महिला समक्ष हजर असून विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे देते.'

"काय विचारता, विचारा ना," कुंताबाई म्हणाली.

"नाव काय तुमचं?"

"मेलेल्या बाईचं नाव घेत नाईत, साहेब," ती म्हणाली आणि स्वतःच हसली. हसताना तिने पोटाला हात धरला होता.

पंचनामा वर गेला. फाइल मोठी आहे म्हणून परत आला. लहान करून पाठवली तर अक्षरं वाचता येत नाहीत म्हणून परत आली. सुरेंद्र हेल्पलाइनला फोन करायचा. तिथली बाई गोड आवाजात सांगायची की आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी कुलूप लागलेल्या त्या हॉलमध्ये असंच गोड बोलायला तो शिकला होता. तो बुधवारच्या मीटिंगमध्ये हात वर करून बोलला. साहेब म्हणाले, वैयक्तिक विषय इथे नको. तो जिल्ह्याच्या कचेरीत जाऊन उभा राहिला. तिथला बाबू वैतागून म्हणाला, "वरून येते भाऊ, माह्या हातात काई नाई." शब्द नि शब्द सुरेंद्रचेच होते. कोसमटोल्याला येता-जाता बसच्या खिडकीतून गडचिरोलीचा तो बोर्ड दिसायचा. आता त्यातलं 'संकुल' गेलं होतं आणि 'नियोजित जागा' तेवढी उरली होती.

महिना गेला. कुंताबाई खाटेवरून उठेनाशी झाली. फडकी अंकुश धुवायचा, सुरेंद्रला रक्त पाहवत नाही म्हणून त्याला बाहेर पाठवायचा. एका दुपारी तिने सुरेंद्रला जवळ बसवलं.

"मले मरून किती दिवस झाले रे?"

"असं बोलू नको, माय."

"सव्वा महिना झाला. तुह्या त्या बुढ्याले दोन साल झाले. मेल्यावर भूक लागते रे, सुरेन. मले मालूम नव्हतं. तो कसा राहत असन?" थोडं थांबून ती म्हणाली, "त्याले जिता कर. माहं झालं नाई झालं, त्याचं कर."

तो हो म्हणाला. तो त्या दिवसांत सगळ्यालाच हो म्हणत होता.

एप्रिलच्या दोन तारखेला पहाटे रक्त थांबेचना. मूलहून गाडी येईपर्यंत उजाडलं, आणि गाडी आली तेव्हा तिची गरज उरली नव्हती. अंकुश मायचे पाय धरून बसला. सुरेंद्रने मोबाइल घेतला, 'भानारकर परिवार' उघडला आणि लिहिलं, 'आई गेली. सकाळी सहा वाजता.'

पहिलं उत्तर आलं ते हसण्याचं चित्र. मग कुणीतरी लिहिलं, 'काकूले पुन्हा कावळा शिवला वाटते.' मग आणखी दोन हसरी तोंडं. देवाजीमामाने फोन उचलला आणि सुरेंद्रने तोंड उघडायच्या आत म्हणाला, "या खेपेले मी नाई रडत बाबा. दे फोन तिले, शिव्या देतो."

खोट्या मरणाला हंबरडे फुटले होते आणि खऱ्याला लोक हसले. सुरेंद्रला मामाला तीन वेळा सांगावं लागलं. तिसऱ्यांदा सांगताना त्याचा आवाज फुटला तेव्हा मामाला कळलं. बाकीच्यांना पटेपर्यंत ऊन चढलं. सरणापाशी अकरा माणसं होती. रीना लांब चिंचेखाली उभी होती, तिला कुणी बोलावलं नाही आणि हाकललंही नाही.

दहाव्याला पिंड ठेवला तो तलावाच्या पाळीवर, जिथे ती मासोळ्या वाळवायची तिथेच. भात, वर बोटराचा तुकडा. कावळ्यांची त्या जागी कधी वाण नव्हती. त्या दिवशीही चिंचेवर सात-आठ बसले होते, पण खाली एकही उतरेना. अर्धा तास झाला, तास झाला. भटक्या कुत्र्याला अंकुशने दोनदा हाकललं. मामी म्हणाली, "काईतरी मनात राह्यलं बाईच्या. कबूल करा रे पोरंहो." अंकुशने हात जोडून सांगितलं, दारू पिणार नाही. कावळा हलला नाही. सूरज रडत म्हणाला, काकू, चुकलं माझं. कावळा हलला नाही.

सुरेंद्र पुढे झाला. इतक्यात खिशातला मोबाइल वाजला. सवय वाईट, हात खिशात गेलाच. मेसेज होता. त्याने वाचला आणि तो तसाच उभा राहिला.

"काय आलं?" मामाने विचारलं.

सुरेंद्रने मोठ्याने वाचून दाखवलं. "अभिनंदन. कुंता केवळराम भानारकर, आपली नोंद हयात अशी दुरुस्त करण्यात आली आहे. आपण सर्व शासकीय योजनांच्या लाभास पात्र आहात."

मग मामी हळूच म्हणाली, "मंग कावळा कसा शिवन? जित्या मानसाच्या पिंडाले कावळा शिवत नाई."

सुरेंद्र पिंडासमोर गुडघ्यावर बसला. एवढे दिवस कोरडा राहिलेला माणूस, तो आता सगळ्यांदेखत ओक्साबोक्शी रडायला लागला. "माय," तो म्हणाला, "झिंगूभाऊले मी जिता करतो. अर्ज नाई टाकत. त्याले हाताले धरून मोठ्या साहेबासमोर नेऊन बसवतो. नाई झालं तं माह्या वाट्याचा तांदूळ त्याच्या घरी नेऊन टाकतो. पन तू जाय आता. तू मेली, माय. मी सांगतो ना, तू मेली."

त्याने दोनदा सांगितलं. चिंचेवरचे कावळे तिथेच बसून राहिले.

ऊन डोक्यावर आलं. देवाजीमामाने पिंड उचलला, गुडघाभर पाण्यात गेला आणि हळूच सोडून दिला. भात पाण्यात पसरला, आणि खालून बारक्या मासोळ्या आल्या.

मंगळवारी कोसमटोल्यात बाजार होता. रेंजच्या झाडाखाली झिंगू हिचामी नेहमीच्या जागी येऊन बसला होता. त्याने सुरेंद्रच्या भादरलेल्या डोक्याकडे पाहिलं आणि त्या दिवशी काही विचारलं नाही. सुरेंद्रने लॅपटॉप उघडलाच नाही. तो म्हणाला, "चल भाऊ, गडचिरोलीची बस येऊन राह्यली," आणि त्याला उठायला हात दिला.